कंत्राट कोणाला मिळते?

ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नव्हे. निविदांचे लखोटे उघडले म्हणजे पहिली नजर आकड्यावरच जाते. परंतु महाराष्ट्रातील बांधकामांचा इतिहास पाहिला, तर दराखेरीज आणखी तीन गोष्टींना वजन असल्याचे दिसते: पूर्वीच्या कामाची साक्ष, मजुरांना सांभाळण्याची शक्ती आणि पैसा अडकला तरी तग धरण्याची ऐपत.

बोरघाटातील लोहमार्गाचेच उदाहरण घ्या. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे! १८५६ मध्ये हे काम सुरू झाले, तेव्हा ते फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मुंबई-ठाणे मार्गाच्या कामात तो भागीदार होता. ती साक्ष त्याच्या उपयोगी पडली. परंतु १८५९ च्या जानेवारीत वेतनाच्या तक्रारीवरून मजुरांनी दंगा केला आणि मार्चमध्ये फॅव्हिएलने काम सोडले. साक्ष होती, पण मजुरांचा विश्वास टिकला नाही.

पुढे ते काम सॉलोमन ट्रेडवेलकडे आले. तो मुंबईस पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने मात्र कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या जाणत्या अभियंत्यांच्या हाती तिने काम सोपविले. भर कामाच्या दिवसांत तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांतील कितीतरी दगावले. १८६३ मध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. या यशाचा हिशेब मांडताना त्या अनामिकांचे देणे विसरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील माणसे या क्षेत्रात पुढे आली. रेल्वेतील कारकुनी सोडून आलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची भागीदारी जमली. एकाला रेल्वेच्या कामाची आतून माहिती होती, तर दुसऱ्याच्या मागे व्यापारी घराण्याची पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामातून त्यांनी नाव मिळविले. मोठ्या कामांना मोठे भांडवल लागते. म्हणून १९२० मध्ये त्यांची पेढी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत सामील झाली. बोरघाटातील नवे बोगदे आणि तानसाची जलवाहिनी अशी कामे याच क्रमाने त्यांच्याकडे आली. लहान काम चोख झाले, म्हणून मोठ्याचे दार उघडले.

आजही अनेक मोठ्या निविदांत तांत्रिक पात्रतेचा लखोटा आधी उघडतात, दराचा नंतर. या रीतीमागे जुना अनुभव आहे. पुरेसा विचार न करता दर खाली ओढला, तर ती तूट शेवटी मजुराच्या वेतनातून वा चुन्या-सिमेंटातून भरून काढली जाते. आणि तिची किंमत जनता भरते. म्हणून काम देणाऱ्याने केवळ आकडा वाचू नये, त्यामागचा माणूसही वाचावा.