आयत्या बिळावर?

'आयत्या बिळावर नागोबा' ही आपल्याकडची म्हण तशी निष्ठुरच. उंदराने रात्रभर माती उकरायची आणि नागोबाने येऊन त्यात वेटोळं घालून बसायचं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा इतिहास वाचताना ही म्हण मला दर दहा पानांनी आठवते. तिथे नवा कोच येतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळवतो आणि दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू होते. पोरं कुणाची होती? आधीच्याचीच ना?

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडा हिशोब सांगतो. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा तो. पायाने खेळायच्या खेळाला तिकडे सॉकर म्हणतात.) कॉलेजच्या संघात लिलाव नसतो, निवड समितीही नसते. कोच स्वतः गावोगाव हिंडतो, शाळकरी पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो आणि पोराला आपल्या कॉलेजात यायला पटवतो. याला रिक्रूटिंग म्हणतात. १९९४ पासून पुढे बरीच वर्षं एका संघात जास्तीत जास्त ८५ पोरांना स्कॉलरशिप देता येत असे. प्रत्येकाला खेळायला चार वर्षं मिळायची, आणि एक वर्ष बाकावर बसून काढलं तर मुक्काम पाच वर्षांचा. म्हणजे नवा कोच आला की पहिल्या वर्षी जवळजवळ सगळा संघ आधीच्या माणसाचा. तिसऱ्या वर्षी निम्माशिम्मा. पूर्णपणे स्वतःचा संघ व्हायला चार-पाच वर्षं लागायची, आणि तेवढा धीर कुठल्या कॉलेजला असतो?

तर आता लॅरी कोकरची गोष्ट. मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वात चटका लावणारी वाटते.

मायामी विद्यापीठाचा संघ ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला दादा होता. मग सरकारी शिक्षण-अनुदानाच्या अर्जांतला गैरव्यवहार बाहेर आला आणि १९९५ च्या अखेरीस शिक्षा झाली. पुढच्या काही वर्षांत तीसेक स्कॉलरशिप कापल्या गेल्या. त्याच वर्षी कोच म्हणून आलेला बुच डेव्हिस या खड्ड्यात सापडला. १९९७ साली फ्लोरिडा स्टेटने मायामीला ४७-० असं धुतलं आणि सिझन ५-६ असा संपला. १९७९ नंतर प्रथमच मायामीने जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. १९९८ मध्ये सिरॅक्यूजने ६६-१३ अशी धूळ चारली.

त्या काळात डेव्हिस काय करत होता, तर पोरं गोळा करत होता. स्कॉलरशिप कमी, म्हणून एकही वाया जाऊ द्यायची नाही. सँटाना मॉससारखा पोरगा स्कॉलरशिपशिवाय आला आणि आधी धावण्याच्या संघातून पुढे सरकला. एड रीड लुईझियानातून आला, केन डॉर्सी कॅलिफोर्नियातून. ब्रायंट मॅकिनी हा महाकाय गडी एका ज्युनियर कॉलेजातून उचलला. २००० साली या संघाने ११-१ अशी मजल मारली. फ्लोरिडा स्टेटला त्यांनी २७-२४ असं हरवलं, तरी कॉम्प्युटर आणि मतदानाच्या त्या वेळच्या अगम्य पद्धतीने अंतिम सामन्यात मायामीऐवजी फ्लोरिडा स्टेटलाच पाठवलं. (ही जखम मायामीवाल्यांपुढे अजूनही उकरू नये.)

आणि मग २००१ च्या जानेवारीअखेर डेव्हिस क्लीव्हलंड ब्राउन्सकडे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, निघून गेला. पोरांच्या सह्यांचा दिवस तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी असे. तो जेमतेम आठवड्यावर आला होता. पेरणी करून, राखण करून, कणसं भरल्यावर शेतकऱ्याने शेत सोडावं तसं झालं.

विद्यापीठाने बाहेरची मोठी नावं चाचपून पाहिली. पण खेळाडूंनी लकडा लावला की आम्हाला आमचे कोकरसरच हवेत. लॅरी कोकर तेव्हा ५२ वर्षांचा होता, आक्रमणाचा प्रशिक्षक, ओक्लाहोमातल्या छोट्या गावचा शांत माणूस. कॉलेजात मुख्य कोच तो कधीच नव्हता. त्याला नेमलं गेलं.

पुढचं वर्ष म्हणजे २००१. बारा सामने, बारा विजय. केलेले गुण ५१२, दिलेले ११७. नोव्हेंबरात लागोपाठच्या दोन सामन्यांत सिरॅक्यूजला ५९-० आणि वॉशिंग्टनला ६५-७. ३ जानेवारी २००२ ला रोझ बोलमध्ये नेब्रास्काला ३७-१४ असं हरवून विजेतेपद. त्या संघातले ३८ जण पुढे व्यावसायिक संघांनी निवडले, त्यातले १७ पहिल्या फेरीत. कॉलेजच्या इतिहासातला सर्वोत्तम संघ कोणता, या वादात हे नाव आल्याशिवाय राहत नाही. धावपटूंची रांगच बघा. क्लिंटन पोर्टिस, त्याच्या मागे विलिस मॅकगही, त्याच्या मागे फ्रँक गोर. तिघंही पुढे व्यावसायिक खेळात गाजले, आणि इथे एकमेकांची पाळी यायची वाट बघत होते!

अशा संघाला कोच लागतो कशाला, असं तेव्हा लोक म्हणायचे. मला हे पटत नाही. बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना अगदी शेवटच्या क्षणांपर्यंत हातातून निसटत होता. व्हर्जिनिया टेकला फक्त २६-२४ असं हरवता आलं. बचावाचा आधीचा प्रशिक्षक रटगर्सला मुख्य कोच होऊन गेला होता. त्या जागी कोकरने रँडी शॅननला आणलं, आणि त्या वर्षी देशातला सर्वोत्तम सहायक म्हणून शॅननचाच गौरव झाला. चालत्या गाड्याला खीळ न घालणं हेही कौशल्य आहे. नवीन आलेल्या साहेबाने टेबलाची दिशा बदलण्यापासून कामाला सुरुवात केल्याचं आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. कोकरने ते केलं नाही. विस्कटू नये असं जे होतं, ते विस्कटलं नाही.

२००२ मध्येही मायामी अंतिम सामन्यापर्यंत अजिंक्य. सलग ३४ विजय. समोर ओहायो स्टेट. आणि इथे इतिहासाने गंमत केली आहे. ओहायो स्टेटचा जिम ट्रेसेलही जानेवारी २००१ मध्येच आला होता. त्याच्या आधीचा जॉन कूपर पोरं हेरण्यात वस्ताद, पण मिशिगनविरुद्ध त्याची कामगिरी २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. ओहायोत हा गुन्हा माफ होत नाही, त्यामुळे त्याला काढून टाकलं. ट्रेसेलच्या त्या संघाचा कणा कूपरने आणलेल्या पोरांचा होता. क्वार्टरबॅक क्रेन्झल, बचावातला माइक डॉस, विल स्मिथ. (धावपटू मॉरिस क्लॅरेट तेवढा ट्रेसेलचा.) म्हणजे ३ जानेवारी २००३ च्या त्या रात्री मैदानावर जे दोन संघ उतरले, ते बव्हंशी हजर नसलेल्या दोन माणसांनी जमवलेले होते. एक क्लीव्हलंडला गेलेला, दुसरा हाकललेला. दोन जादा डावांनंतर ओहायो स्टेट ३१-२४ ने जिंकली. एका पंचाच्या उशिरा आलेल्या पिवळ्या रुमालावरून अजून भांडणं होतात. असो.

त्यानंतर कोकरचा आलेख बघा. २००३ मध्ये ११-२. २००४ आणि २००५ मध्ये ९-३, त्यातल्या २००५ च्या शेवटच्या सामन्यात एलएसयूकडून ४०-३ असा मार. २००६ मध्ये मैदानावर एक लाजिरवाणी हाणामारी आणि ७-६. त्याला काढलं. एकूण हिशोब ६० विजय, १५ पराभव. यातले पहिले २४ सामने एकही न हरता, आणि पुढचे ३६-१५. डेव्हिसची पोरं जसजशी पास होऊन गेली तसतसा आलेख उतरत गेला, हे नाकारता येत नाही. पण दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात ३६-१५ वाल्याला पगारवाढ मिळाली असती. जिंकला तेव्हा 'हे तर डेव्हिसचं', हरला तेव्हा 'हे मात्र तुझं'. नव्या सुनेच्या हातचा स्वयंपाक चांगला झाला तर सासूच्या मसाल्याचं कौतुक, बिघडला तर सुनेचा हात वाईट, त्यातलाच प्रकार. त्याच्या जागी शॅनन आला आणि २००७ साली ५-७.

वारशाचं ऋण उघडपणे मान्य केल्याचं एक उदाहरण मात्र मला फार आवडतं. १९६८ च्या शेवटच्या सामन्यात मिशिगनला ओहायो स्टेटने ५०-१४ असं तुडवलं. सिझन ८-२, तरी कोच बंप एलियट पायउतार झाला आणि बो शेम्बेक्लर आला. बो अतिशय कडक, सराव इतका जीवघेणा की पोरं पळून जाऊ लागली. टिकतील तेच विजेते होतील, अशा अर्थाची पाटी त्याने लावली होती. २२ नोव्हेंबर १९६९ ला पुन्हा तोच ओहायो स्टेट समोर, सलग २२ सामने जिंकलेला. मिशिगन २४-१२ ने जिंकलं.

आता गंमत अशी की त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती. ती १९७२ पासून मिळाली. म्हणजे बोने स्वतः शाळांतून आणलेला एकही नवखा त्या दिवशी मैदानावर असणं शक्य नव्हतं. डॅन डियरडॉर्फ, कर्णधार जिम मँडिच, सगळे एलियटचे. साखळीतले आकडेही तेच, आदल्या वर्षी ८-२ आणि यंदाही ८-२. पण वर्षापूर्वी ५० गुण खाल्लेल्या याच पोरांनी या वेळी समोरच्याला १२ वर रोखलं. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत जिंकलेला चेंडू देण्यात आला तो बंप एलियटला. तो त्याच विद्यापीठात दुसऱ्या पदावर काम करत होता. कोच कितीही मोठा झाला तरी पहिल्याच वर्षी, सर्वांसमोर, हे करायला छाती लागते.

एलियट पुढे आयोवा विद्यापीठाचा क्रीडासंचालक झाला. तिथे त्याने हेडन फ्राय नावाचा कोच नेमला. फ्रायबरोबर बिल स्नायडर नावाचा सहायक आला. आणि या स्नायडरला १९८८ च्या अखेरीस जो वारसा मिळाला, तसा वैऱ्यालाही मिळू नये. कॅन्सस स्टेटने ऑक्टोबर १९८६ नंतर एकही सामना जिंकला नव्हता. नियमाने तेव्हा ९५ स्कॉलरशिप देता येत, आणि संघात स्कॉलरशिपवरची पोरं होती ४७. एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकाने या संघावर भलामोठा लेखच छापला होता, नालायकपणाचं विद्यापीठ अशा थाटाचा. पहिल्या वर्षी स्नायडरने एक सामना जिंकला, दहा हरला. पण १९९३ मध्ये नऊ विजय आले, आणि १९९८ मध्ये पहिले अकराच्या अकरा सामने जिंकले. इथे बीळ आयतं नव्हतंच, सगळी उकराउकर त्याचीच. २००५ नंतर तो निवृत्त झाला, पुढच्याला तीन वर्षांत जमलं नाही, आणि २००९ मध्ये स्नायडर परत आला. स्वतःच्या वारसदाराचा वारसदार!

हल्ली हा हिशोबच मोडला आहे. २०१८ मध्ये कॉलेज बदलण्यासाठीचं 'ट्रान्सफर पोर्टल' आलं आणि २०२१ पासून वर्षभर बाहेर न बसता दुसरीकडे खेळायची मुभा मिळाली. कोच गेला की पोरंही बॅगा भरतात. जानेवारी २०२४ मध्ये निक सेबन निवृत्त झाला तेव्हा अलाबामाचा सर्वात गुणी बचावपटू कॅलेब डाउन्स थेट ओहायो स्टेटला गेला. डिऑन सँडर्सने २०२२ च्या डिसेंबरात कोलोराडोत पाऊल ठेवताच जुन्या पोरांना दाराची वाट दाखवली. पुढच्या सिझनला त्यातले मोजकेच उरले. कर्ट सिग्नेटी २०२४ साठी इंडियानाला आला तो आपल्या जुन्या कॉलेजातली डझनभर पोरं बरोबर घेऊनच, आणि आदल्या वर्षी ३-९ असलेला संघ ११-२ झाला. २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. पोरांच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच झालं. शेत विकताना बैल सोबत द्यावेत तशी माणसं देता येत नाहीत.

कोकरचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. २००९ मध्ये त्याला सॅन अँटोनियोच्या टेक्सास विद्यापीठाने नेमलं. तिथे फुटबॉलचा संघच नव्हता. खेळाडू नाहीत, हेल्मेटं नाहीत, आधीचा कोच नाही. साठी गाठलेल्या माणसाने पुन्हा शाळांची दारं ठोठावली. ३ सप्टेंबर २०११ ला पहिला सामना झाला, तेव्हा ५६,७४३ लोक आले होते. दुसऱ्याच वर्षी ८-४. मग ४-८ आणि ३-९ अशी दोन वर्षं गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये कोकरने राजीनामा दिला.

त्याच्या जागी फ्रँक विल्सन आला. त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, त्या विद्यापीठाचा संघ इतिहासात प्रथमच सिझनअखेरच्या मानाच्या बोल सामन्यात उतरला. न्यू मेक्सिकोकडून २३-२० असा हरला. त्या दिवशी खेळलेली बरीचशी पोरं कोकरने आणलेली होती.