वधस्तंभ आणि दुष्टाईचा प्रश्न

वधस्तंभ (क्रूस) : इ. स. ३० च्या सुमारास यरुशलेमेबाहेर, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमावरून येशू ख्रिस्ताला ज्यावर खिळले, तो खांब. ख्रिस्ती धर्माचे प्रमुख चिन्ह. देव दयाळू आणि सर्वसमर्थ असताना जगात दुष्टाई व दुःख का, या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती धर्मशास्त्र वधस्तंभाच्या आधारे करते. देवाने माणसाचे दुःख स्वतः सोसले, म्हणून अनुयायाने वैऱ्यावरही प्रीती करावी व सूड घेऊ नये, अशी ही शिकवण आहे (मत्तय, अध्याय ५, रोमकरांस पत्र, अध्याय १२). दुसऱ्या महायुद्धात सैनिक व युद्धकैदी राहिलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन (१९२६–२०२४) यांनी देवाने दुःख सोसले या विचाराची १९७२ च्या ग्रंथात नव्याने मांडणी केली.

मराठी परंपरा : ख्रिस्ती समाजसेविका पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आईवडील दुष्काळात दगावले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी केडगावी (जि. पुणे) आश्रय दिला, तेथील मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. रेव्ह. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती ओवी-अभंगांत आणली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

दुःखाच्या प्रश्नाचे एक उदाहरण, नंदुरबार जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नवापूर तालुक्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथे जुने ख्रिस्ती रुग्णालय आहे. इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही संस्था ते चालवते. या भागातील आदिवासींमध्ये सिकलसेल आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य ठणका उठतो. हा आनुवंशिक दोष आईवडील दोघांकडून येतो. बहुधा दोघेही धडधाकट असतात. दोषी कोण, हा प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानातही (अध्याय ९) येतो. तेथे जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. अशा आजारात दोषी शोधण्यापेक्षा वेदना शमवणे महत्त्वाचे ठरते. बरे न होणाऱ्या रुग्णांची वेदनाशामक शुश्रूषाही चिंचपाड्याला केली जाते.

आक्षेप : वधस्तंभाचा दाखला देऊन पीडितांना मुकाट्याने सोसायला सांगितले जाते, अशी टीका स्त्रीवादी व दलित विचारवंतांनी केली आहे. धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८१ च्या बंगळूर येथील व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. त्यांच्या मांडणीत वधस्तंभावरचा येशू हा स्वतः दलित आहे. म्हणून तो अन्याय सोसण्याची नव्हे, अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची प्रेरणा ठरतो. दुष्टाई मुळात का आहे, याचे तर्कशुद्ध उत्तर मात्र वरीलपैकी कोणतीच मांडणी देत नाही.