गप्पांचा सर्व्हर कुणाच्या घरात?

आजच्या भागाचा शब्द तमिळ आहे: अरट्टै. म्हणजे निवांत गप्पा, आपल्याकडच्या पारावरच्या. चेन्नईच्या झोहो कंपनीनं २०२१ मध्ये आपल्या मेसेजिंग अ‍ॅपला हेच नाव दिलं. पण आज अ‍ॅपपेक्षा त्यामागचा जुना प्रश्न बघू: ऑफिसातल्या गप्पा साठवायच्या कुठे?

सुरुवात १९८६ पासून करू. त्या वर्षी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं अर्नेट हे संगणक-जाळं उभारायला घेतलं. दिल्लीत खातं स्वतः, मुंबईत जुहूचं एनसीएसटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी. मद्रासची आयआयटी त्यातलीच. सुरुवातीला टपाल जायचं ते साध्या फोनवरून. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावणार, साठलेली पत्रं देणार-घेणार आणि फोन ठेवणार. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला कायमची लाइन जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट! आज एक फोटो पाठवायला तिला अर्धा तास सहज लागला असता.

मात्र एकाच यंत्रावर बसलेल्यांना या लाइनची गरजच नव्हती. युनिक्समध्ये 'राइट' आणि 'टॉक' अशा दोन आज्ञा होत्या. 'टॉक' दिली की पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर एक, खाली दुसरा. समोरचा अक्षर खोडायचा तेही दिसायचं. मला कामात त्रास नको, असं सांगायची आज्ञाही होती. ती आज हवी होती, असं अनेकांना वाटेल.

१९८९ मध्येच श्रीधर वेंबू मद्रासच्या आयआयटीतून पदवी घेऊन बाहेर पडले. १९९६ मध्ये भागीदारांसह त्यांनी अ‍ॅडव्हेंटनेट काढली. टेलिफोन कंपन्यांची नेटवर्क सांभाळणारी सॉफ्टवेअरं ती बनवायची. २००९ मध्ये तिचं नाव झोहो झालं.

मधल्या काळात आपल्या ऑफिसांत याहू मेसेंजर शिरला, आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. शेजारच्या टेबलावर 'चहाला येतोस का' विचारायचं, तर तो निरोप समुद्रापलीकडच्या सर्व्हरवर जाऊन परत यायचा. लाइन महाग, सगळ्यांत वाटलेली. ती बंद पडली की भिंतीपलीकडचा सहकारीही गायब! शिवाय ग्राहकाची माहिती त्यातूनच फिरायची.

उपाय १९९९ च्या जानेवारीत आला. जेरेमी मिलर या अमेरिकन प्रोग्रामरनं जॅबर जाहीर केलं. कल्पना ईमेलसारखी: प्रत्येक कंपनीचा सर्व्हर स्वतःचा, पत्ताही तसाच. २००४ मध्ये ते एक्सएमपीपी नावानं प्रमाणित झालं. मग ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका लिनक्स यंत्रावर सर्व्हर चढवा, कर्मचाऱ्यांची यादी जोडा, फायरवॉलमध्ये आतल्यांसाठी ५२२२ क्रमांकाचं दार उघडा, झालं. इंटरनेट गेलं तरी आतल्या गप्पा चालू.

यात नवं काही नाही, म्हणा. तंजावरच्या मराठी राजांचे कारभाराचे मोडी कागद सरस्वती महालात आजही आहेत. राज्याचा दफ्तरखाना राज्यातच!

पण इथे एक मेख आहे, आणि ती लोक पटकन विसरतात. सर्व्हर कंपनीचा, म्हणजे नोंदही कंपनीची. परदेशी कंपनीच्या नजरेतून सुटलेली गप्पा साहेबाच्या नजरेत येते. बँकेसारख्या ठिकाणी ती नोंद लागतेच. मात्र मी नोकरदाराला एवढंच सांगेन, पगारवाढीची कुरकुर तिथे लिहू नका.

झोहोनं ऑफिसांसाठी क्लिक नावाचं चॅट काढलं, आणि नंतर सर्वांसाठी अरट्टै. २०२५ च्या सप्टेंबरात त्यावर झुंबड उडाली. रोजची नवी नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली, असं वेंबूंनीच सांगितलं. आणि लगेच लोकांनी विचारलं: कॉलला कुलूप आहे, मग लिहिलेल्या मजकुराला का नाही? पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला, खुद्द सर्व्हरच्या मालकालाही, वाचता येऊ नये असं ते कुलूप. ऑफिसच्या चॅटमध्ये हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. घरच्या गप्पा आल्या, तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात आला.