खण, माळा आणि चौरस फूट
मुरबाडचे घर व मुंबईची खोली : अल्पजागेच्या मांडणीचा एक विचार

घराच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा वाडे, राजप्रासाद आणि देवालये यांच्या अनुषंगाने झालेला आहे. ज्या घरात एकाच छपराखाली, किंबहुना पुष्कळदा एकाच खोलीत, साऱ्या कुटुंबाचा संसार चालला, त्या घराची अंतर्गत मांडणी हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव त्या मानाने अलीकडची होय. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांतील जुने कुडाचे घर आणि मुंबईच्या चाळीतील एक खोली यांची तुलना करावयाची आहे. मुंबईच्या गिरण्यांत आलेला कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतला होता. तेव्हा मुरबाडचे घर उचलून लालबागेत नेले, असे येथे म्हणावयाचे नाही. मुरबाडचे घर हा सह्याद्रीच्या पायथ्याशी रूढ असलेल्या गृहरचनेचा केवळ एक नमुना म्हणून घेतला आहे. नाणेघाटाची प्राचीन वाट जुन्नरहून याच तालुक्यातून कल्याणकडे उतरते आणि कल्याणला रेल्वे 1854 साली आली, एवढे मात्र ध्यानात ठेवलेले बरे.

प्रथम मापाविषयी. गावाकडे घर मोजावयाचे ते खणांनी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. दोनखणी, तीनखणी घर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खांब, तुळई, आढे आणि उतरते छप्पर असा सारा सांगाडा उभा राहतो. म्हणजे खण हे माप लांबीरुंदीबरोबर उंचीचीही सूचना देणारे आहे. शहरात त्याची जागा चौरस फुटाने घेतली. आजचा शासकीय शब्द ‘चटईक्षेत्र’ हा या दृष्टीने मोठा मार्मिक आहे : चटई जमिनीवर पसरते, ती वर चढत नाही!

मुरबाड-शहापूरकडील ठाकूर, महादेव कोळी, कातकरी किंवा लहान कुणबी शेतकरी यांच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, आणि त्यांवर माती व शेण यांचा लिंपा. घराचे आकारमान थोडके; त्यात चूल, धान्य, अवजारे, अंथरुणे आणि पावसाळ्यात कोंबड्या-शेरडेही. पावसाचे चार महिने बाहेरची जागा जवळजवळ नाहीशी होते व त्याच काळात कोरडी लाटणे, बियाणे आणि धान्य यांना आतच आसरा द्यावा लागतो. या अडचणीचे उत्तर म्हणजे माळा. तुळयांवर बांबू किंवा फांट्या अंथरून केलेला हा मजला चुलीच्या धुरात असतो; धुराने सरपण सुकते आणि बियाण्याला कीड लागत नाही. धूर ही आपण आज घरातील पीडा मानतो, परंतु येथे धूर साठवणीचा एक भागीदार होता. (त्या धुराने गृहिणीच्या डोळ्यांची व छातीची काय दशा होई, हेही विसरता कामा नये.)

माळ्याखालची मांडणी अशीच विचारपूर्वक असे. बांबूची लिंपलेली कणगी घरात अशी ठेवावयाची की तिच्या आडोशाने चुलीकडची बाजू वेगळी व्हावी. म्हणजे कोठारच भिंतीचे काम करते. मडक्यांची उतरंड एका मडक्याच्या जागेत पाच मडकी ठेवते. उखळ जमिनीत पुरलेले, त्यामुळे ते जागा अडवीत नाही. दूधदुभते शिंक्यात, कपडे वळणीवर, दिवा कोनाड्यात, विळाकोयता कुडात खोचलेला. अंथरूण म्हणजे वाकळ आणि घोंगडी. सकाळी गुंडाळली की शय्यागृह संपले. पौषात म्हशाच्या यात्रेत गुरांबरोबर घोंगड्यांचाही मोठा बाजार भरतो, यावरून या वस्तूचे महत्त्व कळावे. आणि जे आत मावत नाही ते ओट्यावर व अंगणात. अंगण सारवलेले असते, म्हणजे ते घरच असते.

सजावटीचाही येथे जागेशी संबंध आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे, विशेषतः वारली समाजात लग्नप्रसंगी सवाष्णींनी लिहावयाचा चौक, ही तसूभरही जागा व्यापीत नाहीत. आणि पुढच्या सारवणाबरोबर ती पुसली जातात. सजावट ही जपून ठेवण्याची वस्तू नव्हती, ते करण्याचे कर्म होते.

आता मुंबईकडे वळू. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहर-सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खाते, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘बीडीडी’, अस्तित्वात आले. कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवून 50,000 गाळे बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे 207 इमारती आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. प्रत्येक इमारतीत 80 खोल्या. प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. त्या काळी मुंबईची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एकेका खोलीतच राहत होती. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील कामगारवस्तीवरील ग्रंथात या गर्दीचे विदारक वर्णन आहे.

परंतु अशा ग्रंथांचा भर माणशी किती जागा, यावर असतो. त्या जागेत संसार मांडला कसा गेला, हे त्यांतून फारसे कळत नाही. कारण मांडणारी बहुधा स्त्री होती आणि पाहणी करणारा दारातच उभा असे. चाळीतली खोली बारकाईने पाहिली तर तेथे गावचे घर ओळखू येते. पोटमाळा हा माळाच. त्यावर सरपणाऐवजी ट्रंका, गणपतीचे सामान आणि रात्री धाकटा दीर. कोपऱ्यातली मोरी म्हणजे परसदार खोलीत आलेले. खाटेच्या पायांखाली विटा घालून तिच्या पोटात कोठार केले गेले. उतरंडीच्या जागी डब्यांची चळत आली, आणि फळीवर घासूनपुसून मांडलेली पितळेची भांडी ही साठवणही झाली व शोभाही. काँक्रीटच्या भिंतीत कोनाडा कोरता येत नाही, खुंटी ठोकणेही कठीण. म्हणून दोरी आणि फळी यांना महत्त्व आले. चौकाची जागा देवादिकांच्या छापील तसबिरींनी घेतली. रविवर्म्यांच्या छापखान्याने 1894 पासून ही चित्रे सामान्यांच्या आवाक्यात आणली होती. दिनदर्शिकेचे चित्र दरवर्षी बदलावयाचे, यात जुन्या सारवणाची आठवण राहिली आहे असे मला वाटते. अर्थात हा तर्क आहे.

एका बाबतीत मात्र भेद करावयास हवा. गिरगाव-लालबागच्या खाजगी चाळींत खोल्यांपुढे मोकळी गॅलरी होती. ती ओट्याचे व अंगणाचे काम करी. तेथे तांदूळ निवडले जात, पुरुष झोपत, मुले अभ्यास करीत. बीडीडीच्या बहुमजली इमारतींत दुतर्फा खोल्या आणि मधोमध बोळ. तोच बोळ रहिवाशांनी ओटा करून टाकला, परंतु उजेडवाऱ्याची उणीव राहिली ती राहिलीच. आराखडा करणाऱ्याने खोली मोजली होती. उंबऱ्याबाहेरचा संसार त्याच्या हिशेबात नव्हता. पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. खाजगी चाळींचे मालक दुरुस्तीस नाखूष झाले, आणि पिढ्यानपिढ्या हलावयाचे नाही हे कळल्यावर भाडेकरूंनी लाद्या, माळे, मोऱ्या यांवर स्वतःचा पैसा घातला. बाहेरून जीर्ण आणि आतून नेटकी अशी जी चाळ आपण पाहतो, तिचे एक कारण या कायद्यात आहे.

हीच कथा उलट दिशेने आता मुरबाड-शहापुरात घडत आहे. इंदिरा आवास योजनेतील घर 20 चौरस मीटरचे होते; 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, ठरले. कातकरी समाजासाठी 2023 च्या जनमन योजनेत घरकुलास दोन लाख रुपयांची तरतूद झाली. बीडीडीच्या खोलीहून हे घर शंभरावर चौरस फुटांनी मोठे आहे, पक्के आहे, गळत नाही. त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. तथापि सपाट स्लॅब किंवा पत्र्याखाली जुना माळा बसत नाही, आणि सरपण, कणगी, अवजारे यांचा प्रश्न तसाच उरतो. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये बीडीडीच्या पहिल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे खोलीला लागून तो सामायिक बोळ आता नाही. इकडे पाड्यांवर घरकुलाच्या दारापुढे कारवीच्या कुडाची पडवी जोडलेली आढळते. चूल, सरपण आणि म्हातारी माणसे तिच्यात, तर विटांच्या खोलीत धान्याची पोती, कपाट आणि टांगलेल्या तसबिरी.