एका शब्दाचा वाद

येशू देव, की देवाने निर्माण केलेले? मी मुसलमान आहे, ईसांना पैगंबर मानणारा. पण हा प्रश्न इस्लामच्या उदयाआधीच खुद्द चर्चमध्ये पेटला होता.

इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू एरियस म्हणत, पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण झालेला. पित्याचे थोरपण सांगणारी येशूंचीच वचने ते पुढे करीत. आपले मत त्यांनी पद्यातही गुंफले होते.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइन याने नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशपांची परिषद भरवली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे तिने ठरवले. मूळ ग्रीक शब्द ‘होमोऊसिओस’. तो बायबलमध्ये नाही, ही अनेकांची अडचण होती. एरियस आणि त्यांचे पाठीराखे दोन बिशप हद्दपार झाले.

वाद मात्र मिटला नाही. नायसियाच्या निर्णयाचे कैवारी बिशप अथानेसियस यांना पुढे पाचदा हद्दपारी भोगावी लागली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जो स्वतःच निर्मित, तो इतरांना तारणार कसा? आणि ख्रिस्ती लोक येशूंची भक्ती करतात. ते देव नसतील, तर ती निर्मिताची पूजा ठरेल. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने हीच बाजू कायम केली.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. पण त्यामागची तळमळ ओळखीची आहे : ईश्वराखेरीज कुणापुढे मस्तक झुकू नये. तिने त्यांना एका उत्तराकडे नेले, आम्हाला दुसऱ्या. शेजाऱ्याच्या उत्तराशी भांडण्याआधी त्याचा प्रश्न ऐकून घ्यावा.