बीडच्या मुलांचे ताट: सुकडीपासून पाकिटापर्यंत

बीड जिल्ह्यातील मुलांच्या खाण्याचा इतिहास हा मुख्यतः टंचाईचा इतिहास आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके पर्जन्यछायेतले. गोदाकाठचा गेवराई-माजलगावचा पट्टा त्या मानाने सुपीक. आधार मात्र दोन्हीकडे ज्वारीचाच. भाकरी, पिठले, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि थंडीत शेतातच भाजलेला हुरडा. गोडधोड सणापुरते. गुरांमागे हिंडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या मुलांच्या अंगावर चरबी साठायला वावच नव्हता.

१९७२च्या दुष्काळाने हे ताटही हिरावले. आईबाप दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले आणि मुलांच्या वाट्याला त्या कामावर वाटली जाणारी पिठाची सुकडी व परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आली. भूक पाहिलेल्या या पिढीला नातवंडांचे गुबगुबीत अंग सुखाचे लक्षण वाटते, यात नवल नाही.

दुष्काळ ओसरला तरी पोटासाठी ऊसतोडीला जाण्याची वाट थांबली नाही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत साखर कारखान्यांच्या फडांवर राहतात. पहाटे आई कोयता घेऊन फडात गेली की कोपीतल्या, म्हणजे खोपटातल्या, लहानग्याला हाताशी असेल तेच खावे लागते. शाळेतील पोषण आहाराची सुरुवात १९९५ साली झाली. आधी धान्य घरी मिळे, पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. पण टोळीबरोबर गेलेल्या मुलाची ती खिचडी गावातच राहते.

दरम्यान शिवारात ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली. रेशनवर गहू-तांदूळ आला. किराणा दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांच्या माळा लटकल्या. आज हट्ट करणाऱ्या मुलाला गप्प करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. त्यात मीठ, तेल, साखर भरपूर, प्रथिने नावापुरती. शिवाय मोबाइल आला, शिकवणी आली आणि खेळ आटला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील १.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले. त्याच वेळी सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली होती. भूक आणि लठ्ठपणा एकाच राज्यात, कधी एकाच घरात नांदतात.

टंचाईचा वारसा असलेल्या जिल्ह्यात लठ्ठपणाचा धोका अधिक गंभीर ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. तरीही त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त आढळली. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेल्या अशा मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मधुमेह, उच्च रक्तदाब आणि यकृतातील चरबी लवकर गाठू शकतात.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मीठ, तेल, साखर भरपूर असलेले पदार्थ विकण्यास २०२०च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज ६० मिनिटांचा व्यायाम सुचवते. दोन्ही गोष्टी गावपातळीवर सहज जमण्याजोग्या आहेत. पण याज्ञिकांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक वजनाची होती. पुढचा धोका गर्भातल्या उपासमारीपासूनच सुरू होतो, म्हणून बीडमध्ये बालपणीच्या लठ्ठपणाला आळा घालण्याचे काम उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या गर्भवतीच्या ताटापासून सुरू व्हायला हवे.