रिकामी यादी आणि निजामाचं दफ्तर

कनेक्टर जोडून दुसऱ्याच्या एपीआयला क्वेरी पाठवली की कधीकधी एक गंमत होते. स्टेटस येतो २००, म्हणजे सगळं ठीक... आणि आत रिकामी यादी! आपण लगेच म्हणतो, डेटाच नाही. खरं तर बऱ्याचदा प्रश्नच चुकीच्या नावाने नाहीतर चुकीच्या तारखेने गेलेला असतो. नांदेड-लातूरकडे हा घोळ संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

आता लातूरच घ्या. हा जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला १९८२ साली. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्याच्याही आधी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं. नांदेडचंही तसंच. मुधोळ, भैंसा ही मंडळं आदिलाबादला गेली आणि आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला आला. म्हणजे निलंग्याचा १९४० चा कागद शोधताना 'जिल्हा: लातूर' टाकलंत, तर उत्तर काय येणार?

मग तारीख. निजामाच्या दफ्तरात फसली सन. तो आझर महिन्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचा. त्यामुळे फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, तेव्हा फसली सन होता १३५७. सरसकट ५९० मिळवणारा माणूस १९४७ मध्ये जाऊन पोचतो!

आणि भाषा. १८८४ पासून संस्थानाचा कारभार फारसीऐवजी उर्दूत आला. १९१८ ला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. त्यामुळे पूर्वी गावोगाव उर्दू शिकलेले म्हातारे असायचे. मराठीत प्रश्न ऐकायचे, उर्दू कागद वाचायचे आणि मराठीत उत्तर द्यायचे. हाच आपला कनेक्टर! ती पिढी आता जवळजवळ संपली.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हेच सगळ्यांच्या लक्षात आलं. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, जुन्या कागदांसाठी हैदराबाद गाठावं लागलं. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, पण जमीन, जातीचा दाखला, वारसाहक्क... घरच्यांचं बरंच काही त्या एका ओळीवर अडलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, "नोंद आढळली नाही" एवढंच उत्तर पुरेसं नाही. कुठल्या जिल्ह्याच्या दफ्तरात, कुठल्या लिपीत, कुठल्या सनात शोधलं, तेही त्याच कागदावर लिहून द्यायला हवं. प्रोग्रॅमर याला लॉग म्हणतात. रिकाम्या यादीबरोबर पाठवलेली क्वेरीही हातात असली, तर पुढचा माणूस निदान चूक कुठे झाली ते तरी शोधू शकतो, नाही का?